लवकर रिटायर झालात? सोलापुरात ते कुणाला, कधी आणि कसं सांगायचं

पंचेचाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडलेल्या माणसाला सोलापुरात प्रश्न तीनच येतात. शब्द बदलतात, विचारणारे बदलतात, पण प्रश्न तेच. काढलं का? किती मिळाले? आता मोकळाच आहेस ना? या तिन्हींची उत्तरं आधी घरात ठरली, की बाहेर सांगणं सोपं जातं. ती न ठरवता लग्नाच्या पंगतीत कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, आपण काहीतरी बोलून जातो, आणि तेच पुढे वर्षभर आपल्या नावावर फिरत राहतं.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, इथेच बँकेत, रेल्वेत, जिल्हा परिषदेत किंवा सरकारी खात्यात नोकरी करून स्वेच्छानिवृत्ती घेणारे. दुसरे, पुण्या-हैदराबादला आयटीत वीस-पंचवीस वर्षं काढून जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला घर करून परत येणारे. दुकानदारांना आणि कारखानदारांना याची फारशी गरज पडत नाही. मुलगा गल्ल्यावर बसला आणि वडील मागच्या खुर्चीत गेले, तर त्याला कुणी निवृत्ती म्हणत नाही.

एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवा. या गावानं जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापड गिरण्या बंद पडताना पाहिल्यात. साठीच्या पुढच्या पिढीत 'काम सुटलं' याचा अर्थ एकच होतो, आणि तो वाईट असतो. त्यामुळे घरातली म्हातारी माणसं घाबरली, तर तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका.

कागद हातात येईपर्यंत थांबा

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर ३ महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. मागितली म्हणजे मिळाली असं नाही. चौकशी प्रलंबित असेल तर अडतं, सेवापुस्तकातल्या नोंदी अपुऱ्या असतील तर लांबतं. खासगी नोकरीत राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आणि शेवटच्या दिवसाची तारीख लेखी मिळेपर्यंत तीच परिस्थिती. अर्ज दिल्या दिवशी गावभर सांगितलं आणि मंजुरी दोन महिने लांबली, तर रोज सकाळी जिन्यात 'अजून जाताय का ओ हापिसला?' ऐकावं लागतं. अर्ज मागे घ्यायची वेळ आली तर त्याहून वाईट.

या काळात फक्त दोन जागी बोलायचं. पहिली म्हणजे घरात, नवरा किंवा बायकोशी. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात: तुमचे जामीनदार.

पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर हप्ता पगारातून कापला जातो. पगार थांबला की संस्था आधी नोकरी सोडताना तुम्हाला मिळायच्या रकमेकडे बघते आणि तिथून भागलं नाही तर जामीनदाराच्या पगाराकडे. सहकाऱ्याला तुमच्या निवृत्तीची बातमी स्वतःच्या पगारपत्रकातल्या कपातीतून कळली, तर ते नातं संपलं असं समजा. म्हणून पतसंस्थेत जाऊन बाकी रकमेचा उतारा काढा, ती कशातून आणि कधी फेडणार ते ठरवा, आणि जामीनदारांना समोर बसून आकडा व तारीख सांगा. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखल्याची झेरॉक्स त्यांना न मागता द्या. तुम्ही ज्यांना जामीन आहात त्यांनाही कळवा. संस्था त्यांच्याकडे बदली जामीनदार मागू शकते, आणि तो शोधायला त्यांना वेळ लागतो.

घरात एकच उत्तर ठरवा

नवरा म्हणतो 'कंटाळा आला होता', बायको म्हणते 'त्यांच्या बीपीमुळे सोडलं', आणि आई देवळात सांगते 'रजेवर हाय'. तीन उत्तरं ऐकली की लोक चौथं स्वतः तयार करतात, आणि ते नेहमी 'काढलं' हेच असतं. त्यामुळे घरात बसून पुढच्या गोष्टी एकदा पक्क्या करा: कारण काय सांगायचं, आता काय करतो म्हणून सांगायचं, आणि पैशाचा आकडा कुणीही कुठेही बोलायचा नाही. आकड्याच्या बाबतीत सख्ख्या बहिणीचाही अपवाद नको.

आईवडिलांना तत्त्वज्ञान सांगू नका. 'आता स्वतःसाठी जगायचंय' हे वाक्य त्यांना परकं वाटतं आणि थोडं लागतंही. त्यांचा खरा प्रश्न औषधाचा आणि घरखर्चाचा असतो. तुम्ही दर महिन्याला त्यांना पैसे देत असाल, तर पगार व्हायचा त्याच तारखेला तेवढीच रक्कम त्यांच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा, आणि मग सांगा: 'बाबा, एक तारखेचं काही बदलणार नाही.' दुसऱ्या महिन्यात पैसे वेळेवर आले की त्यांची काळजी बरीच उतरते. दवाखान्याचं कसं, हेही त्याच बैठकीत सांगा. मात्र त्याआधी ते खरंच करून ठेवलेलं पाहिजे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाच्या महिना-दीड महिना आधी विमा कंपनीशी बोलून तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत नेता येतो का ते पाहा. तसं झालं तर आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात मागच्या वर्षांचा फायदा मिळतो. आईवडील त्या सामूहिक विम्यात असतील तर त्यांचं काय, हे आधी विचारा.

शाळेतल्या मुलांना साधं वाक्य द्या. 'बाबा काय करतात?' याला 'आधी बँकेत होते, आता रिटायर झालेत आणि घरून शेतीचं बघतात' एवढं पुरतं. मुलांना गुप्तता पाळायला लावू नका, त्यांना ते जमत नाही. आकडाच माहीत नसला की त्यांच्या तोंडून तो जायचाही प्रश्न नाही.

वाक्य कसं बांधायचं

चांगल्या वाक्यात तीन तुकडे असतात: मी स्वतःहून सोडलं, अमुक तारखेपासून, आणि आता हे करतो. शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो नसला तर समोरचा दुसऱ्या तुकड्यावरच अडकतो.

मोठ्यांना: 'काका, मार्चअखेर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्या मनानंच घेतली. आता मोहोळची शेती स्वतः बघतोय.'

दाजी किंवा मेहुण्यांना: 'दाजी, कंपनी सोडली, आता परत नोकरी बघणार नाही. सकाळी पोरांचे क्लास घेतो.'

वरवरच्या ओळखीच्यांना: 'आता नोकरी नाही, घरचंच बघतो.' इथे थांबायचं. त्यांनी पुढे विचारलं तर सांगायचं, नाहीतर नाही.

लांबलचक कारणं देऊ नका. साहेब कसा होता, कामाचा ताण किती होता, तब्येतीचे रिपोर्ट काय आले हे सगळं एका दमात ऐकलं की माणूस बचाव करतोय असं वाटतं.

खोटं तर अजिबात नको. कंपनीनं माणसं कमी करण्यासाठी पॅकेज दिलं आणि तुम्ही ते घेतलं, तर तसंच सांगा: 'कंपनीनं योजना काढली होती, मी घेतली.' खरंच काढलं असेल तर 'रिटायर झालो' म्हणू नका. त्याच कंपनीत सोलापूरचा कुणीतरी असतोच, आणि तो शनिवारी गावी येतो.

आणि हे ज्यांना निवृत्तीची मुभाच नाही त्यांच्यासमोर शब्द जपून वापरा. अशोक चौकात किंवा विडी घरकुलात पस्तीस वर्षं विड्या वळणाऱ्या बाईला, यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला 'आता काम नकोसं वाटलं' हे कसं ऐकू जाईल, याचा विचार करा. तिथे 'आता शेती बघतो' एवढंच म्हणावं.

कुणाला आधी, आणि कधी

पाच-सहा घरं अशी असतात ज्यांना दुसऱ्याकडून कळलं तर राग येतो: सासू-सासरे, मोठा भाऊ, आत्या, मामा, लग्नाची मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळ बघणारे. यांना शेवटच्या दिवसाच्या आधीच्या रविवारी सांगा. गावातल्यांकडे जाऊन, बाहेरगावच्यांना फोन करून. सासऱ्यांना जावयानं स्वतः सांगावं. मुलीनं माहेरी एकटीनं जाऊन सांगितलं की सासरे पहिला अर्थ वाईटच काढतात.

मंगल कार्यालयात, बारशात, दहाव्याला सांगू नका. तिथे प्रत्येकाला अर्धवट ऐकू येतं. डिसेंबरअखेर नोकरी सोडणार असाल तर कॅलेंडर बघा. पंधरा दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते, अक्षता सोहळ्याला आणि तिळगूळ वाटताना अख्खं गाव भेटतं. ही सहा घरं त्याआधी आटपलीच पाहिजेत.

निरोप समारंभाचा फोटो हा मोठा घातक प्रकार. शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो सहकारी दुपारीच टाकतात, आणि संध्याकाळी मामांचा फोन येतो. सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: 'दोन दिवस फोटो टाकू नका, घरच्यांना कळवायचंय.'

फोन झाल्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी पुरेत:

'सर्वांना नमस्कार. ३१ तारखेला मी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तब्येत उत्तम आहे, घरी सगळं ठीक. पुढे शेती आणि थोडं शिकवणं असा बेत आहे. नंबर तोच आहे.'

'तब्येत उत्तम' ही ओळ गाळू नका. ती नसेल तर पुढचे तीन दिवस 'काय झालंय खरं सांग' असे फोन येतात.

शेजाऱ्यांना वेगळं बोलवून सांगायची गरज नाही. अकरा वाजता तुम्ही गच्चीत कपडे वाळत घालताना दिसलात की चर्चा सुरू होतेच. प्रत्येक गल्लीत एक घर असतं जिथून बातमी निघते. त्या काकूंना पहिल्याच आठवड्यात तुमचं ठरलेलं वाक्य नीट सांगा. बाकीचं त्या करतात, आणि निदान बरोबर तरी पोचतं. कंबर तलावावर सकाळी फिरायला जायला लागलात तर तिथले पासष्टीचे लोक वय विचारणारच. तिथे चेष्टा करून घ्यायची तयारी ठेवा.

'किती मिळाले?'

खरा घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

लोक हा प्रश्न सरळ विचारत नाहीत. 'फंड चांगला असेल की तुमचा', 'ग्रॅच्युइटीला लिमिट असतं का ओ?', 'पेन्शन बसली का?' असा वळसा घालतात. ग्रॅच्युइटीचं सूत्र बऱ्याच जणांना माहीत असतं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. त्यामुळे 'साधारण इतके' म्हणालात तरी समोरचा बाकीचं मनात मांडतो. एकही आकडा, अगदी सेवेच्या वर्षांसकट, गप्पांत देऊ नका.

पेन्शनबद्दल मात्र खरं सांगायला हरकत नाही, आणि त्यातून दडपण कमीच होतं. खासगी नोकरीतल्यांची कर्मचारी पेन्शन योजनेतली पेन्शन किमान १० वर्षांची सेवा असेल तरच मिळते आणि वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते. शेहेचाळीसच्या माणसानं 'पेन्शनला अजून बारा वर्षं हायत' म्हटलं की समोरच्याचा हिशेब तिथेच थंडावतो.

'पैसे नाहीत' असं म्हणू नका. सहा महिन्यांनी घराला रंग लावलात की खोटं उघडं पडतं. 'सगळं मुदतीत बांधून ठेवलंय, महिन्याच्या व्याजावर घर चालतं' हे चांगलं वाक्य आहे, पण ते खरं असलं पाहिजे. म्हणून जाहीर करण्याआधी पैसे जागेवर लावून टाका. वय ५५ पूर्ण आणि ६० च्या आत असेल, तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवता येतात. कमाल मर्यादा ३० लाख रुपये, पण मिळालेल्या निवृत्तीलाभापेक्षा जास्त नाही. मुदत ५ वर्षं, व्याज तिमाही. मालकाकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला लागतो, तो ऑफिस सोडतानाच मागून घ्या. नंतर खेटे घालावे लागतात.

आता येणाऱ्या मागण्या. त्यांचा क्रम बहुधा असा असतो.

पहिल्या पंधरवड्यात विमा आणि गुंतवणूक विकणारे येतात. त्यात एखादा भाचा किंवा शाळेतला मित्र असतो. उत्तर: 'वर्षभर काहीच नवीन घेणार नाही, असं दोघांनी ठरवलंय.' 'दोघांनी' हा शब्द कामाचा आहे, कारण मग एकट्याला पटवून भागत नाही.

मग पतसंस्थेतले ओळखीचे. 'आमच्याकडे ठेवा, बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देतो.' इथे फरक पक्का लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवींना तो नसतो. ओळख राखायची असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवा आणि विषय बंद करा.

नंतर उसने मागणारे. यासाठी वर्षाची एक रक्कम नवरा-बायकोनं आधी ठरवावी, परत येणार नाही असं धरून. दवाखाना, फी असल्या खऱ्या अडचणीला त्यातून द्यायचं, पण उसने म्हणून नाही, मदत म्हणून. ती संपली की वर्ष संपलं. प्लॉट, गाडी, धंद्याचं भांडवल याला त्यातून काही नाही.

सर्वांत शेवटी आणि सर्वांत धोक्याची मागणी: 'पैसे नकोत अण्णा, फक्त सही द्या.' पगारदारांच्या संस्थेत 'आता माझं पगारपत्रक नाही, माझी सही चालायची नाही' हे उत्तर बहुधा चालतं. पण दुसरी युक्ती असते: 'तुमची एफडी तारण ठेवून मला कर्ज काढून द्या, हप्ते मी भरतो.' हप्ता चुकला की बँक तुमच्या एफडीतून वळती करते, विचारायलाही येत नाही. इथे 'बघू' म्हणायचं नाही. 'बघू'चा अर्थ आपल्याकडे 'अजून दोनदा विचारा' असा होतो. 'नाही जमायचं दाजी, एफडीला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय,' एवढं बोलून चहा मागवायचा.

'आता मोकळाच आहेस ना?'

वर्षभरात या प्रश्नानं पैशापेक्षा जास्त नुकसान होतं. मावशींना अक्कलकोटला न्यायचं, मेव्हण्याच्या वडिलांबरोबर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याच्या दवाखान्यात जायचं, तहसीलमध्ये सात-बाऱ्यासाठी रांग लावायची, सोसायटीचं सेक्रेटरीपद, गणपती मंडळाचा खजिना. एकेक काम रास्त असतं, पण सगळी मिळून नोकरीपेक्षा जड होतात.

उपाय म्हणजे वार ठरवणं. 'मंगळवार-शुक्रवार सकाळी मी मोकळा असतो, बाकी वेळ बांधलेला आहे.' कशात बांधलेला हे सांगायची गरज नाही, झोपेत असला तरी. तातडीच्या दवाखान्याला हा नियम नाही, हेही तेव्हाच सांगा, म्हणजे माणूस तुसडा वाटत नाही. पद घ्यायची घाई नको. पहिलं वर्ष सोसायटी-मंडळात नुसतं वर्गणीपुरतं राहा. खजिनदार तर होऊच नका. हातात पैसा आलेला माणूस आणि मंडळाची तिजोरी एकत्र आली की हिशेबावर कुजबुज ठरलेली.

बाईनं लवकर निवृत्ती घेतली तर पहिले दोन प्रश्न जवळजवळ येतच नाहीत, तिसरा मात्र विचारलाही जात नाही, गृहीत धरला जातो. 'बरं झालं, आता सासूबाईंकडे बघायला होईल' हे निरोपाच्या दिवशीच ऐकू येतं. जाऊबाईंची मुलं शाळेतून थेट तुमच्याकडे, नणंदेचं बाळंतपण तुमच्याकडे. म्हणून बाईनं सांगतानाच वेळ सांगितलेली बरी: 'सकाळी दहा ते दोन मी शिवणाचं काम करते.' आणि सुरुवातीचे दोन महिने त्या वेळेत खरंच दार लावून बसावं. आजारी माणसाची जबाबदारी घ्यायची असेल तर दिर-जाऊंसमोर वाटणी बोलून घ्यावी. स्वयंपाकवाली किंवा मदतनीस ठेवायची तर पैसे कोण देणार हेही. नंतर तो विषय निघत नाही.

अर्जात काय लिहायचं

बँकेच्या केवायसीत व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' लिहा, आणि उत्पन्नाचा स्रोत पेन्शन, व्याज, भाडं किंवा शेती, जे असेल ते. जुन्या कंपनीचं नाव तसंच ठेवू नका, मोठा व्यवहार झाला की बँक विचारते. पगार येणं थांबलं की पगार खातं काही महिन्यांत साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक लागू होऊ शकते, ती आहे का आणि किती ते विचारून घ्या. क्रेडिट कार्ड हवं असेल तर नोकरीत असतानाच काढा. भविष्य निर्वाह निधीत नोकरी सोडल्याची तारीख मालकानं टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते. ती नसली की पुढचे दावे अडतात.

मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार व्हायचं असेल तर पगारपत्रकाऐवजी आयकर विवरणपत्रं मागतात. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरत राहा.

लग्नाच्या बायोडाट्यात नुसतं 'वडील: निवृत्त' लिहिलं आणि वय अठ्ठेचाळीस दिसलं, तर समोरचे चौकशी करतात, तुम्हाला न विचारता. 'वडील: स्वेच्छानिवृत्त, पूर्वी अमुक बँकेत शाखाधिकारी, सध्या शेती' असं लिहा आणि पहिल्या फोनवरच तोंडी सांगा. मध्यस्थाला तर सर्वांत आधी.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा काम धरावंसं वाटलं, अर्धवेळ हिशेब लिहिणं किंवा सल्ला देणं, तर त्याच सहा घरांना त्याच क्रमानं फोन करा: 'आठवड्यातले तीन दिवस काम घेतलंय, आवडतं म्हणून.' बँकेत स्रोत बदलून घ्या, आणि मंगळवार-शुक्रवार अजून तुमचाच आहे का ते ज्यांना दिला होता त्यांना कळवा.